ठाण्याला कोण गेलं होतं

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी कुळीथ निवडत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्या सगळ्यांना वाटायचं, त्या वेळी काहीतरी घडलं असणार. कुणी घाबरवलं असेल, कुणी टाकून बोललं असेल, निदान तिन्हीसांजेला एकटी कुठे गेली असेन. तसं काहीच नव्हतं. रविवारची सकाळ होती, मागच्या पडवीत ऊन आलं होतं, शेजारच्या मोकाशींच्या भातगिरणीचा पट्टा नेहमीसारखा फटफटत होता आणि मी मांडीवर सूप घेऊन खडे काढत होते. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास आत जातोय पण पुरत नाही असं वाटायला लागलं, आणि खात्री झाली की मी आता मरणार. नुसती भीती नव्हे, खात्री. सूप खाली ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर करून, झालं का निवडून, असं विचारलं. मी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. हातपाय गार पडले होते आणि पोलका घामानं पाठीला चिकटला होता, एवढंच. मी परत जाऊन उरलेले कुळीथ निवडले आणि रात्री त्यांचं पिठलं खाल्लं. कुणाला काही बोलले नाही, कारण काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

मला तेव्हा सतरा संपून अठरावं लागलं होतं. मॅट्रिक झाले होते आणि कल्याणातल्याच एका मुलींच्या शाळेत दुसरीच्या वर्गावर लागले होते. आमच्या घरात त्याआधी कुणी बाईमाणूस नोकरी केलेली नव्हती. घर म्हणजे पारनाक्याजवळच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. गिरणीचा कोंडा उडून सगळ्यावर बसायचा, त्यामुळे आमच्याकडे पाण्याचा हंडा, दुधाचं पातेलं, अण्णांची वर्तमानपत्रं, सगळं झाकलेलं असे. दुपारी गिरणी तासभर थांबली की एकदम इतकं शांत व्हायचं की आई हातातलं काम थांबवून, किती वाजले, म्हणून विचारायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. घरात फार कमी बोलत. धाकटी बहीण कुंदा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आणि गोदूआत्या, अण्णांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. विटकं नऊवारी, डोक्यावरून पदर आणि तोंडाला धार. जातं, मेतकुटाचा डबा, वालाचं बिरडं सोलणं, पापडाचं पीठ कुटणं हे सगळं तिच्याकडे. बिरडं सोलताना तिच्याजवळ बसलं की आळीतल्या प्रत्येक घराची हकीकत ऐकायला मिळे आणि ती बहुतेक वेळा खरी निघे.

दुसऱ्यांदा झालं ते वर्गात, हजेरी घेताना. सहाव्या की सातव्या नावावर आवाजच फुटेना. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी हजेरीपट मिटला आणि पाणी पिऊन येते असं सांगून बाहेर व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिले. त्यानंतर मंडईत झालं, मग काळ्या तलावाच्या रस्त्यावर, मग हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात. जिथे एकदा झालं तिथे पुन्हा जायला पाय धजेना. आधी मंडई सोडली, मग तलावाचा रस्ता, मग कुणाकडे जाणं. शाळेत मागच्या गल्लीनं जायला लागले, कारण पुढच्या रस्त्यावर धरायला भिंत नव्हती. असं करत करत चार-पाच महिन्यांत माझं सगळं कल्याण घर आणि शाळा एवढंच उरलं, आणि शाळासुद्धा आठवड्यातून दोन-तीन दिवस चुकायला लागली. मला ते स्वतःला इतकं मोठं वाटत नव्हतं. आज नाही गेलं तर काय झालं, एवढंच दर वेळी वाटायचं.

माझी नात हल्ली चहा पिता पिता सांगते, आजी, मला काल पॅनिक अटॅक आला होता. सर्दी झाली म्हणावं तसं सांगते. कुणाशी तरी फोनवर बोलते आणि तिला बरं वाटतं. मला तिचा हेवा वाटतो. आमच्याकडे त्या गोष्टीला नावच नव्हतं, आणि नाव नसलेलं दुखणं कुणापुढे मांडायचं कसं, हा निम्मा त्रास होता.

शेवटी घरात कळलंच. हळदीकुंकवाहून कुंदानं मला धरून आणलं त्या दिवशी. मग उपाय सुरू झाले. खोत डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, अशक्तपणा आहे म्हणाले आणि बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून लाल औषध दिलं. ते दोन महिने प्याले. एका वैद्यांनी वात म्हणून आसव दिलं. आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, आणि मग पाच मंगळवार टिटवाळ्याच्या गणपतीला मला घेऊन गेली. देवळात मला बरं वाटायचं, हे खरं. पण परतताना तेच. आळीतल्या बायकांचं एकच म्हणणं होतं की लग्न करून टाका, आपोआप थांबेल. मोकाशीवहिनी, त्या गिरणीवाल्यांची बायको, तर आईला दर आठवड्याला एक स्थळ सांगत.

मग कुणीतरी आंबिवलीकडच्या एका माणसाचं नाव सुचवलं. तो बघतो, म्हणजे अंगात काय शिरलंय ते सांगतो. आईनं अण्णांच्या मागे लागून त्यांना तयार केलं. एका अंधाऱ्या खोलीत मला पाटावर बसवलं, समोर निखाऱ्यांवर ऊद टाकला. धुरानं श्वास कोंडला आणि मला तिथेच ते सुरू झालं. हात थरथरायला लागले, तोंडातून शब्द फुटेना. तो माणूस म्हणाला, आलं, आता बोलेल, आणि त्यानं बाजूची वेताची छडी उचलली. अण्णा भिंतीशी उभे होते. ते पुढे आले, माझा हात धरला, मला उठवलं आणि बाहेर घेऊन आले. बाहेर एका झाडाखाली आम्ही बराच वेळ बसलो. त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं माझं तोंड पुसलं. परत येताना एवढंच म्हणाले की इथे पुन्हा यायचं नाही. घरी आल्यावर आईलाही त्यांनी तेवढंच सांगितलं.

शाळेच्या मोठ्या बाई, देवस्थळीबाई, एका दुपारी आमच्या घरी आल्या. त्या कुणाच्या घरी जात नसत, त्यामुळे आईची भांडी आवरता आवरता धांदल उडाली. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. माझी मुलींवर माया आहे, शिकवणं चांगलं आहे, पण दुसरीचा वर्ग महिन्यातले दहा दिवस असा मोकळा ठेवता येत नाही. दिवाळीपर्यंत थांबतील, मग दुसरी कुणी घ्यावी लागेल. आणि मग त्या म्हणाल्या की ठाण्याला त्यांच्या भावाचे एक वर्गबंधू डॉक्टर आहेत, मनाच्या रोगांचे, त्यांना दाखवा. चिठ्ठी देते.

ठाण्याचं नाव निघालं आणि घरात सगळे गप्प झाले. आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. आमच्या लहानपणी ठाण्याला जाणं याचा एकच अर्थ होता. तिथे वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. मुलं दंगा करायला लागली की मोठी माणसं म्हणत, हा ठाण्याला जाणार. कुणी विसरभोळेपणा केला की, ठाण्याचं तिकीट काढू का, असं विचारत आणि सगळे हसत. मीही हसले होते. आता देवस्थळीबाई मला तिथेच पाठवत होत्या.

त्या गेल्यावर आई रडली नाही, पण तिनं स्पष्ट सांगितलं की हे होणार नाही. माझं जाऊ दे, मागे कुंदा आहे. एका बहिणीला ठाण्याला दाखवली असं कळलं तर दुसरीला कोण करून घेणार. तिचं खोटं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. अण्णांनी चिठ्ठी देवघराच्या फळीवर ठेवली. ती तिथे तशीच पडून राहिली. आठवडा गेला. त्या आठवड्यात मी तीन दिवस शाळेत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तेव्हा एका मुलीनं मला विचारलं, बाई, तुम्ही आता येणार नाही का. ती रडवेली झाली होती. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं की मी ठाण्याला जाते. एकटीला जमणार नाही, पण कुणी सोबत आलं तर जाते. आई म्हणाली, कोण येणार तुझ्याबरोबर त्या दारात.

आत्या शेजारी ताक घुसळत होती. ती रवी थांबवून म्हणाली, "मी नेते. माझं कुठे लग्न जमवायचंय."

आईनं तिला परोपरीनं सांगून पाहिलं. लोक बघतील, नावं ठेवतील. आत्याचं म्हणणं असं की तिला नावं ठेवून झाली आहेत, आता नवीन कुठली आणणार. अण्णांनी ताटावरून उठताना एवढंच विचारलं, "कधी जाताय?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन माझी रजा सांगून आले.

दुपारच्या गाडीनं गेलो. बायकांच्या डब्यात आम्ही दोघी आणि एक भाजीवाली, एवढ्याच. मुंब्र्यापुढचा बोगदा आला आणि मला सुरू झालं. मी उठून दाराकडे जायला लागले. आत्यानं माझं मनगट धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. काही समजूत घातली नाही, देवाचं नाव घ्यायला सांगितलं नाही. बोगदा संपल्यावर सोडलं. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. ठाण्याला स्टेशनवरून टांगा केला. टांगेवाल्याला कुठे जायचं ते सांगताना माझा आवाज बसला, तेव्हा तिनंच खणखणीत आवाजात सांगितलं.

फाटकाशी उतरलो आणि समोरून मोकाशीवहिनी आल्या. त्यांचं माहेर ठाण्याचं, माहेरची माणसं त्याच बाजूला राहत, ते आम्ही पार विसरलो होतो. बरोबर त्यांची भावजय होती. वहिनींनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. इकडे कुठे, असं त्यांनी विचारलं.

"मला दाखवायचंय," आत्या म्हणाली. "हल्ली डोकं ठिकाणावर राहत नाही. काय बोलते, कुठे जाते, कळत नाही. पोरीला सोबत आणलंय."

वहिनींचा चेहरा बदलला. त्यांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं. काळजी घ्या हो, असं आत्याला न म्हणता मला म्हणाल्या आणि भावजयीला घेऊन गेल्या. मी आत्याकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. मला म्हणाली, "चल, उशीर होईल."

आत मी जे कल्पिलं होतं तसं काही नव्हतं. मोठी झाडं, स्वच्छ झाडलेलं आवार, लांबून कुणाच्या तरी गाण्याचा आवाज. बाहेरच्या रोग्यांसाठी एक बैठी खोली होती. डॉक्टर चाळिशीचे, चष्मेवाले, खादीचा बुशशर्ट घातलेले. त्यांनी आत्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला आधी दुसरीच्या मुलींविषयी विचारलं. किती आहेत, कोण खोडकर आहे. मग हळूहळू मी सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी मला एकदाही तोडलं नाही. पुरं सांगून झाल्यावर त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, आणि विचारलं की हे सुरू झालं की नेमकं काय होईल असं वाटतं. मी म्हटलं, मरेन असं वाटतं.

"आतापर्यंत किती वेळा झालं?"

मी म्हटलं, पन्नास-साठ वेळा तरी.

"आणि तुम्ही माझ्यासमोर बसला आहात," ते म्हणाले. "तुमचं हृदय चांगलं आहे. हे वेड नाही, आणि सोंगही नाही. हे दुखणं आहे."

ते ऐकून मी रडले. सोंग नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच कधीकधी स्वतःला विचारायची की आपण हे मुद्दाम तर करत नाही ना. त्यांनी मला समजावलं की काळीज धडधडतं म्हणून भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणून ते आणखी धडधडतं. पळून गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मग ती जागा कायमची सुटते. म्हणून पळायचं नाही. जिथे असाल तिथे बसायचं, श्वास सावकाश बाहेर सोडायचा, आणि घड्याळ बघून ते किती वेळ टिकतं ते वहीत लिहायचं. झोपताना घ्यायला थोड्या गोळ्या दिल्या. कारण काय असेल, असं मी विचारलं, तर म्हणाले की पुढे कधी सापडेल, कधी सापडणारही नाही, त्यासाठी थांबून राहू नका. मला ते आजतागायत सापडलेलं नाही.

अण्णांनी त्यांचं घड्याळ मला दिलं आणि स्वतः कचेरीत विचारून वेळ बघायला लागले. वहीत पहिल्याच आठवड्यात दिसलं की कधीही पाव तासाच्या वर ते टिकत नाही. मला तर एकेकदा अर्धा दिवस गेल्यासारखा वाटायचा. मग मी एकेक जागा परत घ्यायला लागले. आधी पुढचा रस्ता. मग तलाव. मंडईला तीन महिने लागले. भाजीवालीच्या शेजारी रिकाम्या पाटीवर बसून मी घड्याळ बघत राहायची आणि ती बाई काही न विचारता मला पाणी द्यायची. आत्या दर पंधरा दिवसांनी माझ्याबरोबर ठाण्याला यायची. एकूण सात-आठ खेपा झाल्या. दिवाळीनंतर वर्ग माझ्याकडेच राहिला.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, कारण तिचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. आमच्या आळीत बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला आत्याच जायची. मंगलकार्यात तिला कुणी पुढे येऊ देत नसत, पण तान्ह्या बाळाला पायांवर घ्यायला तिच्यासारखे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. सकाळी सात वाजता ती वेखंड आणि तेलाची वाटी घेऊन निघायची आणि परत आली की तिच्या अंगाला धुरीचा वास यायचा. त्या वर्षी आळीत तीन बाळंतपणं झाली आणि तिला कुणी बोलावलं नाही. तिसऱ्या वेळी, आमच्या समोरच्याच घरात वाण्याच्या आळीतून एक बाई यायला लागली तेव्हा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोकाशीवहिनींनी ठाण्याची गोष्ट घरोघर पोचवली होती. डोकं फिरलेल्या बाईच्या हातात बाळ कोण देणार. मी आत्याला म्हटलं की मी आत्ता समोर जाते आणि खरं काय ते सांगते. ती बिरडं सोलत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली की कुंदाचं ठरतंय, आता काही बोलायचं नाही, आणि मला शाळेला उशीर होतोय. मी शाळेत गेले. हे मी लिहून ठेवते, कारण मी गेले. मला त्या वेळी बरं वाटायला लागलं होतं आणि मला ते बरं वाटणं घालवायचं नव्हतं.

कुंदाचं लग्न झालं. दीड वर्षानं माझंही झालं, डोंबिवलीला, शिक्षकाशीच. डोंबिवली तेव्हा लहान होती, संध्याकाळी बेडकांचा आवाज घरात येई. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. कधी झालंच तर परसात जाऊन बसायची आणि श्वास सोडत राहायची. मुलगी झाली तेव्हा आईनं संधिवातानं अंथरूण धरलं होतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंना सगळे माई म्हणत. न्हाऊ घालायला कुणाला बोलवायचं असं त्यांनी विचारलं, आणि मी गोदूआत्याचं नाव घेतलं. माई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या की आत्यांचं मन दुखवायचं नाही, पण त्या ठाण्याला जात होत्या असं कल्याणहून कळलंय.

बाळ माझ्या कुशीत होतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं, ते नेहमीचंच. मी श्वास बाहेर सोडला.

"ठाण्याला मी जात होते, माई. आत्या माझ्या सोबतीला यायची."

माई माझ्याजवळ बसल्या. मग त्यांनी विचारलं की आता कसं आहे. मी म्हटलं, अजून होतं कधीकधी, पण मी शाळा करते, घर करते, तुम्ही बघताच आहात. त्यांनी बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. ह्याला ठाऊक आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग तू सांग, मी सांगणार नाही, असं म्हणून त्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं माणूस पाठवून त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. ह्यांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, परसात एकटी का बसायचीस. बाकी काही नाही.

आत्या सव्वा महिना राहिली. सकाळी न्हाणीघरात पाय पसरून बसायची, मुलीला पायांवर उपडी घ्यायची आणि कढत पाण्याचा तांब्या तळहातावर पारखून मगच ओतायची. मुलगी रडायची नाही. जायच्या आदल्या दिवशी ती मुलीला न्हाऊ घालत असताना मी तिला सांगितलं की माईंना मी खरं सांगितलं आहे. तिचा हात थांबला. मग ती मुलीच्या पाठीवरून पाणी निथळवत राहिली.

"उगाच सांगितलंस," ती म्हणाली. "मला सवय झाली होती."

तिनं मुलीला पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि उरलेल्या कढत पाण्यानं स्वतःचे पाय धुतले. कल्याणच्या आळीत मात्र ती शेवटपर्यंत ठाण्याला जाऊन आलेली बाई म्हणूनच राहिली. तिथल्या लोकांना मी कधी सांगितलं नाही. ते लोक आता नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे.